मातीखालचा तडा कसा वाचतात?

कच्छच्या मोठ्या रणात, सीमेच्या लगत, मातीचा एक लांबच लांब उंचवटा आहे. लांबी सुमारे 80 ते 90 किलोमीटर आणि उंची काही ठिकाणी पाच-सहा मीटर. तिथले लोक त्याला ‘अल्लाह बंद’ म्हणतात. सिंधी-उर्दूतला हा ‘बंद’ आणि आपल्या शेताचा ‘बांध’ हे एकाच घराण्यातले शब्द. सिंधूच्या त्या फाट्यावर वरच्या अंगाला राज्यकर्त्यांनी माणसे लावून बंद घातले होते. हा बंद मात्र कुणी घातला नव्हता. 16 जून 1819 च्या संध्याकाळी मोठा भूकंप झाला आणि सपाट रणात तो उभा राहिलेला दिसला. माणसाच्या हातचा नाही, म्हणून अल्लाहचा.

त्याच भूकंपात बंदाच्या दक्षिणेची जमीन खचली आणि सिंदरीचा छोटा किल्ला पाण्यात गेला. आतली माणसे एका बुरुजावर चढून बसली. दुसऱ्या दिवशी त्यांना होड्यांतून सोडवले. शेकडो किलोमीटर लांब अहमदाबादेत 1424 सालच्या जामा मशिदीचे प्रसिद्ध झुलते मिनार याच भूकंपात कोसळले. त्यांचे खालचे भाग आजही दारापाशी उभे आहेत. जाणकार वाटाड्या असेल तर तो ते दाखवून 1819 ची गोष्ट सांगतो.

1819 साली जमिनीने आपल्या पोटातला तडा वर आणून दाखवला. इतका स्पष्ट की चार्ल्स लायल या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने आपल्या जगप्रसिद्ध ग्रंथात त्याला जागा दिली. जमीन नेहमी असे दाखवत नाही.

26 जानेवारी 2001 ला सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी त्याच कच्छमध्ये, भचाऊच्या बाजूला, 7.7 क्षमतेचा भूकंप झाला. गुजरात सरकारच्या नोंदीत मृतांचा आकडा 13,800 च्या वर आहे आणि इतर अंदाज 20 हजारांपर्यंत जातात. प्रजासत्ताक दिन होता. अंजार गावात शाळांची मुले प्रभातफेरीला निघाली होती. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरे त्यांच्या अंगावर आली. 185 विद्यार्थी आणि 20 शिक्षक गेले. आज तिथे त्यांचे स्मारक आहे. आमच्यासारख्या रोज मुलांची रांग लावणाऱ्या माणसाला हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचवत नाहीत.

एवढा मोठा भूकंप होऊनही 2001 मध्ये दुसरा अल्लाह बंद उभा राहिला नाही. खडक 20 किलोमीटरच्या आसपास खोलीवर तुटला आणि तो तडा जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत पोचलाच नाही. वर भेगा पडल्या, काही ठिकाणी वाळू आणि पाणी उसळले, पण खालचा खडक नेमका कुठे सरकला हे दाखवणारी सरळ रेघ वर उमटली नाही. आपण जिच्यावर घर बांधतो त्या जमिनीचा चेहरा शांत असतो. पोटात काय मोडलेले आहे हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

मग ते कळून घेण्याचे मार्ग कोणते? त्यातल्या एका मार्गाविषयी या महिन्यात लिहीत आहोत. त्याचे नाव जीपीआर, म्हणजे जमिनीत शिरणारे रडार. हे नाव वाचकांनी न्यायालयीन खटल्यांच्या बातम्यांत वाचले असेल. त्या वादांत आज आम्ही शिरत नाही. हे यंत्र काय पाहू शकते, काय पाहू शकत नाही, आणि त्याने दाखवलेले माणसाने किती सावधपणे वाचायचे असते, एवढेच समजून घेऊ. हे समजले की पुढची कुठलीही बातमी आपली आपल्याला वाचता येते.

यंत्र करते काय?

रडार म्हटले की विमानतळावरची फिरणारी तबकडी आठवते. तत्त्व तेच. एक रेडिओलहर सोडायची, ती कशावर तरी आपटून परत आली की किती वेळ लागला ते मोजायचे. जीपीआरमध्ये लहर आकाशाऐवजी जमिनीत सोडतात. पेटीएवढा अँटेना जमिनीला टेकवून हळूहळू ओढत न्यायचा. तो सेकंदाला हजारो वेळा छोटे छोटे ठोके सोडतो. जमिनीत एका थराचा दुसऱ्या थराशी सांधा आला, म्हणजे कोरडी वाळू संपून ओली माती लागली किंवा माती संपून कातळ लागला, की लहरीचा काही भाग तिथून परत फिरतो आणि उरलेला पुढे जातो. परतलेला भाग यंत्र टिपून ठेवते.

याचे गणित आठवीचे मूलही करू शकते. हवेत रेडिओलहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, 30 सेंटीमीटर जाते. बऱ्याच खडकांत ती मंदावते आणि त्याच वेळात साधारण 10 ते 12 सेंटीमीटर जाते. पाण्यात तर जेमतेम सव्वातीन. समजा, खडकात वेग 10 सेंटीमीटर आहे आणि लहर 80 नॅनोसेकंदांनी परतली. 80 गुणिले 10 म्हणजे 800 सेंटीमीटर. पण हे जाऊन-येऊन झाले. म्हणून निम्मे करायचे. थर 4 मीटर खोल आहे. घरात पाचवी-सहावीच्या पुढचे मूल असेल तर त्याला हे उदाहरण जरूर घाला. उत्तर चुकलेच तर बहुधा निम्मे करायचे राहून गेल्यामुळेच चुकेल.

अँटेना एक एक पाऊल पुढे सरकतो तशी प्रत्येक ठिकाणची नोंद आधीच्या नोंदीशेजारी मांडली जाते. शेवटी पडद्यावर जमिनीच्या उभ्या छेदासारखे चित्र तयार होते. आपण केक कापल्यावर बाजूने थर दिसावेत तसे, फक्त सुरी न लावता.

ही कल्पना नवी नाही. 1910 मध्येच जर्मनीत तिच्यावर पेटंट घेतले गेले होते. 1929 मध्ये वॉल्टर स्टर्न या संशोधकाने ऑस्ट्रियातल्या एका हिमनदीची जाडी रेडिओलहरींनी मोजली. बर्फातून या लहरी सहज जातात, म्हणून सुरुवात बर्फापासून झाली. आज हेच यंत्र रस्ता खोदण्याआधी खालची पाण्याची नळी शोधायला आणि स्लॅबला भोक पाडण्याआधी आतली सळई शोधायलाही वापरतात.

लहर कोणती वापरायची हा मात्र सौदा आहे. जास्त कंपनांची लहर बारीकसारीक दाखवते पण लवकर दमते. 1,000 मेगाहर्ट्झच्या वरची लहर स्लॅबमधली सळई छान दाखवते, पण जमिनीत हात-दोन हातांच्या पुढे तिचा फारसा उपयोग नाही. 100 मेगाहर्ट्झची लहर कोरड्या, चांगल्या खडकात 10-15 मीटर किंवा त्याहून खाली जाते, पण बारीक भेग तिला दिसत नाही. मधली 200 मेगाहर्ट्झची घेतली तर खडकात तिची लांबी साधारण अर्धा मीटर भरते आणि तिच्या चौथ्या हिश्श्याएवढे, म्हणजे साधारण अर्ध्या वितीएवढे, अंतर ती वेगळे करून दाखवू शकते. खोल आणि बारीक असे दोन्ही एकदम मिळत नाही. नजरेचा चष्मा जसा लांबचा वेगळा आणि जवळचा वेगळा, तसेच हे.

वाकलेला खडक, तुटलेला खडक

आता कातळाकडे वळू. मातीखाली जो घट्ट मूळ खडक असतो तो बहुतेकदा थरांचा असतो आणि हे थर मुळात आडवे बसलेले असतात. पृथ्वीच्या पोटातल्या रेट्याने ते बदलतात. जमिनीवर अंथरलेली सतरंजी एका बाजूने ढकलली तर तिला चुण्या पडतात. खडकालाही तशा चुण्या पडतात. त्यांना भूगोलाच्या पुस्तकात वली म्हणतात. भाजलेला पापड वाकवायला गेलो तर तो चुणत नाही, मोडतो. खडकही थंड आणि कडक असेल तर मोडतो आणि मोडलेले दोन भाग एकमेकांवरून सरकतात. त्या सरकलेल्या जागेला भ्रंश म्हणतात. भूकंप म्हणजे बहुतेक वेळा अशाच एखाद्या भ्रंशावर झालेली अचानक सरकासरकी.

म्हणून भ्रंश कुठे आहे, कोणत्या बाजूला कललेला आहे आणि त्याच्यावरची माती कितव्यांदा फाटलेली आहे, हे कळण्याला महत्त्व आहे. भ्रंशावर दर भूकंपानंतर नवी माती, नवी वाळू साचते आणि जखम झाकली जाते. पुढचा भूकंप तीही फाडतो. मग पुन्हा थर बसतो. किती थर फाटले, किती शाबूत राहिले, हे मोजले की त्या ठिकाणाचा इतिहास हाती येतो. ज्या काळाची बखर कुणी लिहिली नाही त्या काळातल्या भूकंपांचा हा हिशेब असतो.

रडारवर वली सहसा ओळखू येते. थराची रेघ कमानीसारखी वर चढते, खाली उतरते. भ्रंशाचे तसे नाही. भ्रंश पुष्कळदा जवळजवळ उभा असतो. उभ्या भिंतीवर वरून चेंडू सोडला तर तो भिंतीला घासून खाली जातो, आपल्या हातात परत येत नाही. लहरीचेही तसेच होते. मग भ्रंश दिसतो कसा? शिंप्याकडे बघा. पट्ट्यांच्या कापडाचे दोन तुकडे जोडताना पट्टे जुळले नाहीत, तर शिवण कितीही सफाईची असली तरी जोड डोळ्यांत भरतो. रडारवरही शिवण दिसत नाही, पट्टे जुळत नाहीत हे दिसते. डावीकडून सरळ आलेल्या थरांच्या रेघा एका जागी एकदम थांबतात आणि उजवीकडे वेगळ्याच खोलीवर सुरू होतात, किंवा वेगळ्याच कलाने जातात. शिवाय भ्रंशालगतचा खडक भरडलेला असतो. त्यात पाणी आणि चिकणमाती शिरते आणि त्या पट्ट्यात लहरी विरून चित्र अंधुक होते. अशा दोन-तीन खुणा एका रेषेत आल्या की भूशास्त्रज्ञ तिथे पेन्सिलीने रेघ ओढतो.

भुजच्या दारातल्या टेकड्या

आता पुन्हा कच्छमध्ये जाऊ. भुज शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर पूर्व-पश्चिम पसरलेली कात्रोल टेकड्यांची रांग आहे. शहराकडून पाहिले तर तिचा उत्तरेकडचा उतार सरळ तुटल्यासारखा दिसतो. त्या पायथ्याशी एक भ्रंश आहे. त्याला कात्रोल टेकड्यांचा भ्रंश म्हणतात. दक्षिणेकडचा खडक वर ढकलला गेला आहे. त्यामुळे सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या जुन्या समुद्राचे थर आणि त्यांच्यानंतर बसलेला भुजचा वालुकाश्म असे एरवी एकमेकांखाली असायचे खडक इथे शेजारी शेजारी आले आहेत.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञांनी 2001 नंतरच्या वर्षांत या भ्रंशाचा पायी फिरून अभ्यास केला आणि जिथे भ्रंश नव्या वाळू-मातीखाली लपलेला होता तिथे जीपीआर ओढून पाहिले. ही जागा या कामाला सोयीची आहे. पाऊस कमी, जमीन कोरडी, वालुकाश्म चांगला. शिवाय टेकड्यांतून निघून उत्तरेला भुजकडे जाणाऱ्या खारी नदीने काही ठिकाणी काठ उभे कापले आहेत. म्हणजे रडार जे सुचवते ते नदीच्या उघड्या काठात डोळ्यांनी ताडून पाहता येते.

निष्कर्ष काय निघाला? हा भ्रंश मेलेला नाही. केवळ कोट्यवधी वर्षांपूर्वीचा खडकच नव्हे, तर त्याच्यावर अलीकडच्या काळात बसलेली वाळू-मातीही फाटलेली आहे. गेल्या सुमारे 30 हजार वर्षांत इथे जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत पोचणारे किमान तीन मोठे भूकंप होऊन गेले आहेत. 30 हजार वर्षे आपल्याला फार वाटतात, पण भूशास्त्राच्या कॅलेंडरवर ती काल-परवाची तारीख आहे. आणि जिल्ह्याचे मुख्य शहर या भ्रंशाच्या अगदी दारात वसले आहे.

एवढी जुनी तारीख काढतात कशी, असा प्रश्न कुणालाही पडेल. तारीख रडार सांगत नाही. त्यासाठी फाटलेल्या थरातली वाळू अंधारात, नळीत भरून प्रयोगशाळेत नेतात. वाळूचा कण उन्हात असतो तोवर त्याची पाटी कोरी राहते. मातीखाली गाडला गेला की आजूबाजूच्या किरणोत्सारामुळे त्याच्यात ऊर्जा साठत जाते. प्रयोगशाळेत त्याच्यावर प्रकाश पाडला की ती मंद उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. तो उजेड मोजून कणाने शेवटचे ऊन कधी पाहिले याचा हिशेब लावतात. फाटलेल्या थराची आणि त्याच्यावरच्या न फाटलेल्या थराची अशा दोन तारखा मिळाल्या की भूकंप त्या दोहोंच्या मध्ये कधीतरी झाला, एवढे नक्की होते.

संशय आणि साक्ष

इथे एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवायला हवी. रडारच्या पडद्यावर ‘भ्रंश’ असे नाव लिहून येत नाही. येतात त्या काळ्या-पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेघा. जमिनीखाली काहीतरी बदलले आहे एवढेच त्या सांगतात. काय बदलले आहे, हे माणूस ठरवतो. एखादा जुना ओढा गाळाने भरून गेला असेल तर त्याचा आकार वलीसारखा भासू शकतो. गाडलेला एकटा मोठा धोंडा आणि गाडलेली नळी दोन्ही कमानीसारखीच खूण देतात. डोक्यावरून गेलेली विजेची तार, शेजारचे झाड, एखादी भिंत यांच्यावर आपटून हवेतून परतलेली लहरही पडद्यावर जमिनीखालचा थर म्हणून मिरवते. वेगाचा हिशेब नीट केला तरच ती तोतया पकडली जाते, कारण हवेतला वेग खडकातल्या वेगाच्या जवळजवळ तिप्पट असतो.

म्हणून जबाबदार शास्त्रज्ञ एकाच रेघेवर विसंबत नाहीत. जवळजवळ समांतर अशा अनेक रेघांवरून अँटेना ओढतात. एका चित्रात दिसलेली खूण पुढच्या चित्रातही त्याच दिशेने सरकत गेली पाहिजे. मग जिथे खूण सर्वांत स्पष्ट, तिथे खंदक खणतात, भिंती साफ करतात आणि थर डोळ्यांनी पाहतात. रडारचा मोठा उपयोग हाच की खंदक कुठे खणायचा ते कळते आणि शंभर ठिकाणी शेत उकरावे लागत नाही. रडार संशय घ्यायची जागा दाखवते. साक्ष खंदक देतो. यंत्राने दाखवलेल्या संशयालाच कुणी निकाल म्हणू लागले तर त्याला विचारावे की तुम्ही खणून पाहिले का, आणि दुसऱ्या जाणकाराने तीच रेघ वाचून तेच म्हटले का? हा प्रश्न खडकाच्या बाबतीत जेवढा रास्त तेवढाच इतर बाबतींतही.

दुसरी मर्यादा खोलीची. 2001 चा तडा 20 किलोमीटरच्या आसपास होता आणि जीपीआर पाहते ते पहिले काही मीटर. ते खोलवरची यंत्रणा पाहत नाही, तिच्या वर उमटलेल्या जखमा पाहते. आणि पुढचा भूकंप कोणत्या दिवशी होणार हे तर ते मुळीच सांगत नाही. आज जगातले कुठलेच यंत्र दिवस आणि वेळ सांगू शकत नाही. मोबाइलवर कुणी ‘आज रात्री इतक्या वाजता जमीन हलणार’ असा संदेश पाठवला तर तो पुढे पाठवू नका. भीती वाटण्यासारखे खूप काही खरेच आहे, त्यात खोट्याची भर नको.

आपल्या काळ्या मातीत

मराठी वाचकाच्या मनात पुढचा प्रश्न येणारच: आपल्याकडे काय? हे यंत्र आणून मराठवाड्यात फिरवले तर किल्लारीसारख्या ठिकाणचे भ्रंश सापडतील का?

उत्तर बरेचसे नकारार्थी आहे. कारण आपल्या पायाखालीच आहे. आपली काळी माती चिकणमातीची असते. ती पाणी धरून ठेवते आणि रेडिओलहर अक्षरशः पिऊन टाकते. ओल्या काळ्या मातीत रडार हात-दीड हात गेले तरी पुष्कळ. कापसाला जी माती वरदान, ती रडारला पडदा. त्या मातीखाली दख्खनच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे आणि भूकंप घडवणारा जुना खडक त्याच्याही खाली. किल्लारीला भूकंपानंतर मुद्दाम खोल विंधन घेतले, तेव्हा सुमारे 340 मीटर काळा पाषाण ओलांडल्यावर तो जुना खडक लागला. तिथे भूकंपलहरी, गुरुत्वाचे मोजमाप, विंधन हीच साधने कामाची. प्रत्येक जमिनीला तिचे तिचे साधन लागते.

किल्लारीचा दुसरा धडा याहून कडवा आहे. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी तिथली जमीन हलली, तेव्हा देशाच्या भूकंपनकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भूकंपाची क्षमता 6.2, म्हणजे कच्छच्या तुलनेत पुष्कळ कमी. तरी हजारो माणसे गेली, कारण ती झोपेत होती आणि डोक्यावर दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीने लिंपलेली जड माळवदे होती. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या पहाटे अंगावर आले.

कच्छला धोका माहीत होता, तरी घरे पडली. किल्लारीला धोका माहीत नव्हता, आणि घरे पडली. दोन्हीकडे माणूस मेला तो घराखाली. जमिनीखालचा तडा वाचायचा तो याचसाठी, की वरचे घर कुठे आणि कसे बांधायचे ते ठरावे. नुसती माहिती गोळा करून कपाटात ठेवली तर 30 हजार वर्षांचा इतिहास कळूनही अंजारच्या गल्लीचा काही उपयोग नाही.

‘कुठे’ याचे उत्तर शासनाने आणि शहर आखणाऱ्यांनी द्यायचे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1971 च्या भूकंपानंतर 1972 मध्ये एक कायदा झाला. जागत्या भ्रंशाची रेघ जमिनीवर शोधायची, नकाशावर काढायची आणि तिच्या नेमक्या डोक्यावर राहती इमारत उभी करू द्यायची नाही. सर्वसाधारणपणे 50 फूट तरी बाजूला सरकायचे. ती रेघ शोधताना खंदक आणि अशी साधने कामी येतात. आपल्याकडेही जिथे भ्रंश ठाऊक आहेत तिथे निदान शाळा, दवाखाना आणि पाण्याची टाकी त्यांच्या माथ्यावर नको, एवढी मागणी नागरिकांनी करायला हरकत नाही.

‘कसे’ याचे उत्तर मात्र पुष्कळसे आपल्या हातात आहे. घर बांधणारे पती-पत्नी टाइल्सच्या रंगावर चार दिवस वाद घालतात आणि दारे-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना सलग पट्टा फिरवला आहे का हे गवंड्याला विचारायचे राहून जाते. कोपऱ्यांत उभ्या सळया आहेत का? जुन्या दगडी घरावर नवा मजला चढवताना खालच्या भिंतीला तो पेलणार का, हे अभियंत्याला दाखवले का? खाली दुकानासाठी भिंती काढून नुसत्या खांबांवर इमारत उभी ठेवली नाही ना? गच्चीवर जडजूड टाकी कुठे बसवली? हे प्रश्न विचारायला रडार लागत नाही. ज्या घरात आपली मुले झोपतात ते घर त्यांची अमानत आहे. तिचा हिशेब टाइल्सवरून होत नाही.

आणि शाळेपुरते आम्ही एक सुचवतो. सत्र सुरू झाले की एकदा तरी मुलांना बाकाखाली बसायचा, डोके झाकायचा आणि हादरा थांबल्यावर रांगेने मोकळ्या मैदानात यायचा सराव द्यावा. मैदानाला जाणारी वाट दोन जुन्या भिंतींच्या मधून जात असेल तर ती बदलावी. पालकसभेत हा विषय निघत नसेल तर पालकांनी काढावा. दहा मिनिटांचे काम आहे.